सगळं कंपनीचंच आहे का?

गेल्या हिवाळ्यात नांदेडहून एक गृहस्थ लातूरला आमच्या घरी आले, मरहूम अब्बांची जुनी फियाट बघायला. ती कित्येक वर्षं अंगणात लिंबाखाली उभी होती. "सगळं कंपनीचंच आहे ना?" त्यांनी विचारलं. "हो, हो," आम्ही म्हणालो. ते गेल्यावर आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. खरंच होतं का?

ओळखीच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी बोनेट उघडण्याआधी आरसी बुक मागितलं. साल १९७३. डिकीवर मात्र 'पद्मिनी' लिहिलेलं. चाचा हसले. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी १९७२ मध्ये 'फियाट डिलाइट'ची 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. 'पद्मिनी' हे नाव आलं १९७४ मध्ये. म्हणजे नावच मागून लावलेलं!

मग चेसिस आणि इंजिनचे नंबर. ते घासून पुन्हा ठोकलेले असतील तर पुढचं बघण्यात अर्थच नाही. रॉकेलच्या बोळ्याने पुसून, टॉर्च धरून एकेक आकडा आरसीशी जुळवला. अलहम्दुलिल्लाह, दोन्ही जुळले. गिअरचा दांडाही स्टिअरिंगजवळच, जसा हवा तसा. पण दाराचं रबर सोललं तर पांढऱ्या रंगाखाली फिका निळा निघाला. बाकी काचांच्या कोपऱ्यात एकाच कंपनीचा शिक्का, पुढच्या काचेवर दुसरा. तेव्हा आठवलं, अहमदपूरच्या रस्त्यावर खडा लागून ती फुटली होती. डायनामोच्या जागी अल्टरनेटर होता. सीटबेल्ट तर आम्हीच बसवलेले, आणि त्याचं आम्हाला मुळीच वाईट वाटत नाही.

एवढी चौकशी का? २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. त्यात आमची गाडी बसत होती. पण शौकीन माणूस मूळ काचेचे, मूळ रंगाचेही पैसे मोजतो.

थोरले भाईजान म्हणाले, "घेणाऱ्याने बघून घ्यावं. आपण कशाला सांगायचं?" भाचीच्या बी.एड.ची फी भरायची होती, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. अम्मींनी फक्त बाजारातल्या धान्याच्या ढिगाची आठवण दिली. प्रेषितांनी (स.) त्यात हात घातला, आत दाणे ओले लागले, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं होतं.

भाईजान काही बोलले नाहीत. शाळेच्या वहीचं पान फाडून त्यांनीच यादी लिहिली आणि नांदेडला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या गृहस्थांनी किंमत तीस हजारांनी उतरवली आणि यादी सहीनिशी मागितली.

गाडी न्यायला ते आले, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही 'पद्मिनी'ची अक्षरं काढली. खाली दोन भोकं निघाली. तीही यादीत लिहिली.