जुन्या ट्रकच्या एक्सलवर लिहिलेलं '४०' म्हणजे ४० टन नव्हे! मग हे आकडे वाचायचे कसे?

ट्रकचा मागचा एक्सल कामातून गेला आणि नवा परवडत नसेल, तर मालक जुन्या मालाच्या बाजारात जातो. तिथं ग्रीसमध्ये माखलेले एक्सल ओळीनं पडलेले असतात. दिसायला सगळे सारखेच. विकणारा म्हणतो, "बिनधास्त न्या, बसतोय तुमच्या गाडीला."

बसतोही. पण बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. जुळतो की नाही, हे एक्सलवरच लिहिलेलं असतं. फक्त ते वाचता यायला हवं.

आकडे तीन ठिकाणी सापडतात.

पहिली जागा म्हणजे डिफरन्शियलचं ओतीव कवच. त्यावर उठून दिसणारा नंबर सगळ्यात आधी नजरेत भरतो आणि फसवतोही तोच. तो फक्त त्या ओतीव भागाचा नंबर असतो. तेच कवच वेगवेगळ्या रेशोच्या एक्सलला वापरलेलं असू शकतं.

दुसरी जागा, धातूची छोटी पट्टी. मॉडेल, सिरीयल नंबर आणि रेशो इथं मिळतो. उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या मेरिटॉर कंपनीच्या 'आरटी-४०-१४५' या मॉडेलचं. 'आर' म्हणजे रिअर, मागचा. 'टी' म्हणजे टँडम, दोन एक्सलची जोडी. एकच एक्सल असेल तर तिथं 'एस' येतो. '४०' म्हणजे ४० हजार पौंड, तेही दोन्ही एक्सल मिळून. किलोत ते साधारण १८,१४० होतात. म्हणजे '४०' बघून कुणी ४० टन समजला, तर दुपटीहून जास्त चुकला. शेवटचा '१४५' हा आतल्या गिअरच्या मालिकेचा आकडा.

पट्टीवरच्या नावावरून वयाचाही अंदाज येतो. मेरिटॉर १९९७ मध्ये रॉकवेलपासून वेगळी झाली. त्यामुळे 'रॉकवेल' लिहिलेला एक्सल बहुतेक त्याआधीचा.

पण पट्टी कारखान्यातून निघतानाची गोष्ट सांगते. नंतर कुणी आतले गिअर बदलले असतील, तर पट्टीला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून तिसरी जागा महत्त्वाची, क्राऊन व्हील आणि पिनियन. यांच्यावर दातांची संख्या कोरलेली असते, नसेल तर दात मोजता येतात. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ आणि ११ असतील तर ३.७३. ४१ आणि १० असतील तर ४.१०. हे दोन्ही गिअर जोडीनंच बनतात, त्यामुळे त्यांच्यावर जोडीचा नंबरही असतो. तो दोन्हीवर सारखा नसेल, तर जोडी फुटलेली आहे.

एक्सल उघडायचा नसेल तर? दोन्ही चाकं एकदम, एकाच दिशेला दहा फेरे फिरवायची आणि पिनियनचे फेरे मोजायचे. ३७ च्या थोडे वर आले तर ३.७३, बरोबर ४१ आले तर ४.१०.

एवढी उठाठेव कशासाठी? ४.१० च्या ट्रकला ३.७३ चा एक्सल लावला, तर ट्रक पळतो, पण चढावर भरल्या गाडीला ओढ कमी पडते. ज्या ट्रकचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेतो, त्याची सेटिंग बदलली नाही तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६६ नं धावत असते. ड्रायव्हरला त्याची कल्पनाही नसते.

टँडममध्ये प्रकरण आणखी बिघडतं. दोन एक्सलचे रेशो वेगळे असतील, तर मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत झगडत राहतं, तापतं आणि शेवटी जातं. टायर घासतात ते वेगळंच. स्वस्तात घेतलेला एक्सल मग नव्याहून महाग पडतो.

त्यामुळे पैसे देण्याआधी पट्टी घासून वाचायची, मोबाईलमध्ये तिचा फोटो घ्यायचा, आपल्या ट्रकच्या जुन्या एक्सलवरचे आकडे सोबत ठेवायचे आणि दात किंवा फेरे मोजायचे. विकणारा मोजू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जायचं.