हा लाँगच्या तळाशी बुडालेले मैदान

व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावरील हा लाँग उपसागर आता मराठी प्रवाशांना अनोळखी राहिलेला नाही. 2022 पासून मुंबईहून हनोईला थेट विमाने जाऊ लागली आणि दोन दिवस, एक रात्र अशा नौकासफरीला सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत कायमचे स्थान मिळाले. आकाशातून उतरलेल्या ड्रॅगनची कथा आणि युनेस्कोने 1994 साली दिलेला जागतिक वारशाचा दर्जा या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत, म्हणून त्या येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. नौका रात्रभर ज्या पाण्यावर नांगर टाकून उभी असते, त्या पाण्याखालची जमीन कशी होती, तिच्यावर कोण वावरत होते आणि त्यांचा माग प्रथम कोणी काढला, हे प्रश्न मात्र सफरीच्या माहितीपत्रकात सहसा येत नाहीत, आणि खरे पाहता या उपसागराचे सर्वांत मोठे नवल त्यांच्याच उत्तरात दडलेले आहे.

सफरीचा क्रम बहुतेक नौकांवर सारखाच असतो. प्रवासी हनोईहून मोटारीने येऊन दुपारच्या सुमारास तुआन चाउ किंवा हा लाँग शहराच्या धक्क्यावरून नौकेत चढतात, जेवण होईपर्यंत चुनखडीचे सुळके दोन्ही बाजूंना दिसू लागतात, मग सुंग सोत गुहा किंवा ती तॉप बेट पाहणे होते आणि त्यानंतर कयाकमधून एखाद्या कमानीखालची फेरी होते. 1962 साली हो ची मिन्ह यांच्यासोबत येथे आलेले सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांच्यावरून ती तॉप या बेटाचे नाव पडले असून त्याच्या माथ्यावर जाण्यासाठी सुमारे 400 पायऱ्या चढाव्या लागतात. संध्याकाळी डेकवर स्वयंपाकाचे प्रात्यक्षिक होते, रात्री दिव्याच्या उजेडात माकुलाची गळाने मासेमारी होते, पहाटे ताई चीचा वर्ग भरतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यान्हापूर्वी नौका धक्क्याला परतते. खोल्या प्रशस्त असतात, खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या असतात आणि आता बऱ्याच नौकांवर शाकाहारी व जैन जेवणाचीही सोय होते; या सुखसोयींविषयी आणखी लिहिण्याजोगे फारसे नाही.

लिहिण्याजोगे आहे ते त्या काचेपलीकडच्या दगडाविषयी. हा लाँगची चुनखडी कार्बोनिफेरस आणि पर्मियन या भूशास्त्रीय कालखंडांतील, म्हणजे साधारणपणे 35 ते 25 कोटी वर्षांपूर्वीची असून ती उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी सागरी जीवांच्या कवचांपासून थराथराने साचली. पुढे हा तळ उचलला जाऊन जमीन झाला आणि हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनलेले पावसाचे पाणी त्याच्या भेगांत शिरून दगड विरघळवू लागले. अशा विरघळण्यातून घडलेल्या भूरूपाला कार्स्ट म्हणतात. एका पायथ्यावर दाटीने उभ्या राहिलेल्या शंकूंच्या समूहाला चिनी भूगोलातील संज्ञेनुसार फेंगत्सोंग, तर सपाट मैदानातून सुटे सुटे उभे राहणाऱ्या सुळक्यांना फेंगलिन असे नाव असून हा लाँगमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्यात असा विरघळत नाही, म्हणून घारापुरी किंवा वेरूळ येथे लेणी घडवायला माणसाची छिन्नी लागली. येथे तेच काम पाण्याने एकट्याने केले.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा वाटा बर्फात अडकून पडल्यामुळे समुद्राची पातळी आजच्याहून जवळजवळ 120 मीटर खाली होती. टॉनकिनचे संपूर्ण आखात त्या काळी कोरडे होते आणि हाइनान बेट मुख्य भूमीला जोडलेले होते. हा लाँग म्हणजे तेव्हा किनाऱ्यापासून दूरवर असलेले, नद्यांनी आणि झाडीने भरलेले, मधूनमधून डोंगर उभे असलेले एक मैदान होते. हिमनद्या वितळू लागल्या तसा समुद्र त्यात शिरत गेला आणि सुमारे 7,000 वर्षांपूर्वी डोंगरांची बेटे झाली. बेटांच्या पायाशी दिसणारी आडवी, आत गेलेली खाच हा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाटांनी, विरघळण्याने आणि दगड पोखरणाऱ्या सागरी जीवांनी मिळून कोरलेला समुद्राच्या पातळीचा लेख आहे. युनेस्कोने 2000 साली या भूशास्त्रासाठी हा लाँगची दुसऱ्यांदा नोंद केली आणि 2023 साली कात बा द्वीपसमूहही या वारशात समाविष्ट झाला. सौंदर्यासाठी झालेल्या पहिल्या नोंदीपेक्षा ही दुसरी नोंद अधिक मोलाची मानली पाहिजे, कारण सौंदर्याचे कारणच तिच्यात सांगितलेले आहे.

बुडालेल्या या मैदानावरच्या माणसांचा माग काढणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, आणि जगप्रसिद्ध स्थळाच्या इतिहासात ते नाव इतके मागे पडावे ही खेदाची गोष्ट आहे. मादलेन कोलानी यांचा जन्म 1866 साली स्ट्रासबर्ग येथे झाला. 1899 मध्ये त्या शिक्षिका म्हणून फ्रेंच इंडोचायनात आल्या, पुढे तेथील भूशास्त्र सेवेत रुजू झाल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 1924 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध फ्युसुलिनिड या जीवांवर होता. फ्युसुलिनिड म्हणजे कार्बोनिफेरस व पर्मियन समुद्रात राहणारे, तांदळाच्या दाण्यासारख्या आकाराचे कवच बांधणारे एकपेशीय प्राणी. पूर्व आशियातील त्या काळच्या चुनखडीत त्यांचे जीवाश्म विपुल सापडतात आणि कोणता थर कोणत्या काळाचा हे ठरवायला ते उपयोगी पडतात. चिनी भूशास्त्रज्ञांनी पुढे यांतील एका प्रजातीसमूहाला कोलानिया असे नाव दिले. ज्या काळाच्या चुनखडीतून हा लाँगचे सुळके कोरले गेले, त्या काळच्या दगडाच्या कणाकणाशी कोलानीबाईंचा परिचय असा उत्खननाच्या कितीतरी आधीपासून होता.

प्राचीन माणसाकडे त्या वळल्या त्या भूशास्त्र सेवेतील आंरी मान्सुई यांच्यामुळे. मान्सुई यांनी बाक सोन भागातील गुहांत दगडी हत्यारे शोधली होती आणि कोलानीबाई त्या कामात त्यांच्या सहकारी होत्या. 1926 साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी हनोईच्या नैर्ऋत्येकडील होआ बिन्ह प्रांतातल्या चुनखडीच्या गुहा खणायला घेतल्या. तेथे नदीतले गोटे एका बाजूने फोडून केलेली हत्यारे, चुलींची राख आणि खाऊन टाकलेल्या गोगलगायींच्या शंखांचे जाड थर त्यांना मिळाले. 1932 साली हनोईत भरलेल्या अतिपूर्वेतील प्रागितिहासतज्ज्ञांच्या पहिल्या परिषदेत या संस्कृतीला होआबिन्हियन हे नाव मान्य झाले आणि ते आजही ब्रह्मदेशापासून सुमात्रापर्यंतच्या पुरातत्त्वात वापरले जाते. पासष्टीच्या सुमारास त्या लाओसच्या पठारावर गेल्या आणि तेथील प्रचंड दगडी रांजणांचा अभ्यास करून 1935 साली त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात रांजणांचा संबंध त्यांनी अंत्यसंस्काराशी जोडला. या साऱ्या कामात त्यांची बहीण एलिओनोर त्यांच्या सोबत असे. गुहेच्या तळाचा एकेक थर हाताळणाऱ्या, उतारवयातही डोंगर चढणाऱ्या या दोघी बहिणींचे चरित्र मराठीत यावे इतके ते मोठे आहे.

1938 साली कोलानीबाई हा लाँगला आल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी पार केली होती. त्याच सुमारास स्वीडनचे भूशास्त्रज्ञ योहान गुन्नार आंडरसन हेही तेथे काम करत होते. चीनमधील यांगशाव संस्कृती 1921 मध्ये उजेडात आणणारे आणि स्टॉकहोम येथील पौर्वात्य पुरावस्तुसंग्रहालयाचे संस्थापक असलेले आंडरसन हे त्या काळी मोठे नाव होते. चीनमध्ये युद्ध पेटल्याने ते दक्षिणेकडे वळले होते. हा लाँग आणि त्याला लागून असलेल्या बाई तू लाँग उपसागरातील बेटांवर दोघांनी शोध घेतला आणि आंडरसन यांचा अहवाल 1939 साली त्यांच्या संग्रहालयाच्या वार्षिकात छापला गेला. कोलानीबाईंनीही या परिसरातील प्रागैतिहासिक शोधांवर 1938 मध्ये लिहिले आणि कात बा बेटावरील काय बेओ हे स्थळ त्याच वर्षी त्यांनी शोधून काढले. 1943 साली हनोईत त्यांचे निधन झाले.

बेटांवर मिळालेल्या वस्तूंत तीन विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली खांद्याची वाकस, म्हणजे दांड्यात नीट बसावे म्हणून वरचा भाग दोन्ही बाजूंनी अरुंद करून घासलेले दगडी हत्यार. दुसरी कुटलेले शिंपले मातीत मिसळून भाजलेली, सच्छिद्र आणि वजनाला हलकी मडकी. आणि तिसरी समांतर खोबणी उमटलेले वालुकाश्माचे निसणे, ज्यांना व्हिएतनामी पुरातत्त्वात ‘हा लाँग खूण’ असेच म्हटले जाते. या वस्तूंवरून पुढे व्हिएतनामी संशोधकांनी साधारण 5,000 ते 3,500 वर्षांपूर्वीची ‘हा लाँग संस्कृती’ निश्चित केली. तिचे लोक समुद्र जाणणारे, होड्या वापरणारे आणि किनाऱ्यावर वसलेले होते.

याहून विलक्षण पुरावा मात्र बाई तू लाँगमधील सोई न्हू गुहेतून आला, जिथे व्हिएतनामी पुरातत्त्वज्ञांनी 1960 च्या दशकात काम केले. आज चहूबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या गुहेत सापडलेला शंखांचा ढीग प्रामुख्याने डोंगरावरच्या गोगलगायींचा आणि गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा आहे. समुद्री शिंपल्यांचे प्रमाण त्यात अगदीच नगण्य आहे. समुद्र दाराशी असता तर कोणताही माणूस कालवे आणि शिंपले सोडून गोगलगायी वेचत डोंगर चढला नसता. याचा अर्थ इतकाच निघतो की त्या जेवणांच्या काळी समुद्र तेथे नव्हता, खाली नदी-ओढे वाहत होते आणि गुहेचे तोंड मैदानाकडे उघडत होते. होआ बिन्हच्या गुहांत कोलानीबाईंनी मोजलेले जेवण आणि या समुद्रातल्या गुहेतले जेवण एकाच जातीचे ठरते. ती तॉपजवळच्या मे कुंग गुहेच्या तोंडाशीही असाच शंखांचा घट्ट झालेला थर दिसतो. सोई न्हू संस्कृतीचा काळ 18,000 ते 7,000 वर्षांपूर्वीचा सांगितला जातो, पण त्यातील जुन्या आकड्यांकडे सावधपणे पाहायला हवे: चुनखडीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या कवचात दगडातला प्राचीन कार्बन शिरतो आणि त्यामुळे कार्बन-14 पद्धतीने काढलेले वय वास्तवाहून अधिक येते. आकडा काही हजार वर्षांनी पुढेमागे झाला तरी शंखांची साक्ष मात्र बदलत नाही.

काय बेओ येथे या कथेचा पुढचा भाग वाचता येतो. तेथे जाड थरांत माशांच्या हाडांचा मोठा साठा मिळाला, म्हणजे समुद्र वर आल्यावर येथील माणसे समुद्रापासून जगायला शिकली होती. सोई न्हू, काय बेओ आणि हा लाँग अशा तीन टप्प्यांत पाहिले तर एका मैदानाचा समुद्र होत असताना माणसांचा आहार, हत्यारे आणि वस्ती कशी बदलत गेली याची नोंद या बेटांनी राखून ठेवलेली आढळते. समुद्र वाढण्याच्या आजच्या चर्चेत हा पुरावा जितका वापरायला हवा तितका वापरला जात नाही.

पर्यटनाने या पुराव्याशी केलेले वर्तन समाधानकारक म्हणता येत नाही. मोठ्या गुहांत सिमेंटचे मार्ग आणि रंगीत दिवे आले. लवणस्तंभांना प्राण्यांचे व देवांचे आकार कल्पून दाखवले जातात, पण जमिनीतील थराकडे कोणी बोट दाखवत नाही. कुआ वान, व्हुंग व्हिएंग यांसारख्या तरंगत्या कोळीवस्त्यांतील 300 हून अधिक कुटुंबांना 2014 च्या सुमारास किनाऱ्यावरील हा फाँग येथे हलवण्यात आले. शाळा, वादळे आणि पाण्याचे प्रदूषण ही त्यामागची कारणे खरी होती. परंतु पाण्यावरच जगलेल्या लोकांपैकी अनेकांनी आता पर्यटकांना बांबूच्या होडीतून फिरवण्यासाठी तेथे परत यावे, यात पुनर्वसनाचे यश शोधणे कठीण आहे. 2012 साली प्रांतीय प्रशासनाने सर्व पर्यटक नौका पांढऱ्या रंगवण्याचा आदेश दिला आणि तपकिरी लाकडाच्या जुन्या नौकांचे रूप एका हंगामात पालटले. रंगाविषयी जेवढी आस्था दाखवली गेली तेवढीच सुरक्षेविषयीही हवी होती: फेब्रुवारी 2011 मध्ये ती तॉपजवळ रात्री नांगरलेली नौका बुडून 12 जण मरण पावले आणि जुलै 2025 मध्ये अचानक आलेल्या वादळात दिवसाच्या फेरीची नौका उलटून 30 हून अधिक जणांचा जीव गेला. नौका निवडताना खोलीच्या चकचकाटाआधी जीवनरक्षक जाकिटे, संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटा आणि हवामानाचा इशारा पाळण्याची रीत यांची चौकशी प्रवाशाने करायला हवी.

हा लाँग शहरात 2013 साली उघडलेल्या काळ्या काचेच्या क्वांग निन्ह संग्रहालयात या प्रांताच्या प्रागितिहासाचे दालन आहे. काय बेओ हे स्थळ कात बा गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि लान हा उपसागराकडे नौका सुटतात त्या बेओ धक्क्याच्या अगदी जवळ आहे. मराठी सहलसंयोजकांनी माकुलाच्या मासेमारीचा तास कमी करून या दोन जागांसाठी अर्धा दिवस काढावा, आणि त्यांनी तो काढला नाही तर प्रवाशांनी आरक्षण करतानाच तो मागून घ्यावा.