‘आरामदायी’ म्हणजे किती? साठीनंतरची टूरिंग मोटरसायकल आणि कार्यात्मक व्याख्या

पेट पास झाली, कोर्सवर्क सुरू झालं की पहिला मोठा डोंगर म्हणजे संशोधन आराखडा. जुनिअर मित्रमैत्रिणी आपले आराखडे वाचायला पाठवतात, तेव्हा शीर्षकांत काही शब्द हमखास दिसतात: ‘प्रभावी’, ‘समाधानकारक’, ‘सुलभ’, ‘आरामदायी’. समितीत पहिला प्रश्न येतो, “म्हणजे किती? आणि मोजणार कसं?” तिथे बरेच जण अडकतात. विषय वाईट असतो असं नाही. शब्दाची कार्यात्मक व्याख्या केलेली नसते, म्हणजे तो शब्द मोजता येईल अशा कृतीत उतरवलेला नसतो.

आज हेच एका घरच्या उदाहरणातून समजून घेऊ. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झाले. वय ६२. उंची पाच फूट पाच इंच, गुडघे थोडे कुरकुरतात, कंबर अधूनमधून धरते. आयुष्यभर पारोळा ते शाळा अशी शंभर सीसीची गाडी चालवली. आता त्यांना लांब फिरायचंय: धुळे, मालेगाव, सटाणा, कळवणमार्गे सप्तशृंगी गड, आणि नंतर शिरपूर, सेंधव्याकडून ओंकारेश्वर. आईचं म्हणणं, या वयात चारचाकी घ्या. बापूंचं म्हणणं एकच: “माले आरामनी गाडी जोयजे.” पैसे निवृत्तीचे आहेत आणि ही बहुधा त्यांची शेवटची मोटरसायकल असेल. म्हणजे चूक परवडणारी नाही. पण ‘आरामनी’ म्हणजे नेमकं काय?

पायरी १: शब्द फोडा

गाडी निवडताना माणूस शोरूममध्ये सीटवर बसतो, हँडल धरतो, “मस्त आहे” म्हणतो. पाच मिनिटांत निर्णय. १९९६ मध्ये झँग, हेलँडर आणि ड्र्युरी या संशोधकांनी बसण्याच्या अनुभवाचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट मांडली: आराम आणि त्रास ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. आरामाचा संबंध प्रसन्न वाटणं, मोकळं वाटणं, दिसणं यांच्याशी जास्त असतो. त्रासाचा संबंध सांधे, स्नायू, दाब आणि थकव्याशी. आणि त्रास वेळेबरोबर वाढत जातो.

म्हणून शोरूममध्ये आपण तपासतो ‘आराम’, आणि मालेगावच्या पुढे आपल्याला भेटतो तो ‘त्रास’. एकाचं मोजमाप करून दुसऱ्याबद्दल निष्कर्ष काढला, तर आपलं मापन वैध राहत नाही. संशोधनात वैधता हा शब्द ऐकाल तेव्हा हे उदाहरण आठवा.

बापूंसाठी मी प्रश्नाचे तीन भाग केले: उभी गाडी सांभाळताना किती जोर लागतो, चालत्या गाडीचे किती हादरे शरीरापर्यंत पोचतात, आणि दोन तासांनंतर कुठे दुखतं.

पायरी २: उभी गाडी

लांबच्या प्रवासाचा विचार करताना लोक वेगाचाच विचार करतात. पण ज्येष्ठ माणसाची गाडी बऱ्याचदा पडते ती थांबलेली असताना: पेट्रोल पंपावर, उतारावर वळवताना, खडीवर पाय टेकताना. इथे दोन आकडे बघायचे, वजन आणि सीटची उंची.

काही उदाहरणं घेऊ. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ: १६३ किलो, सीट ७३७ मिलिमीटर. होंडा हायनेस सीबी ३५०: १८१ किलो, ८०० मिमी. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०: १९१ किलो, ७६५ मिमी. क्लासिक ३५०: १९५ किलो, ८०५ मिमी. सुपर मीटिऑर ६५०: २४१ किलो, ७४० मिमी. वर्षागणिक मॉडेल थोडं बदलतं, म्हणून घेताना ताजं माहितीपत्रक बघायचं, आणि वजन इंधनासह दिलंय की विना, तेही.

आता अकरावीचं भौतिकशास्त्र. गाडी सरळ उभी असताना वजन जमिनीवर जातं, आपल्याला काहीच लागत नाही. ती एका बाजूला कलली की आघूर्ण तयार होतं: वस्तुमान × गुरुत्वत्वरण × गुरुत्वमध्याची उंची × कलाच्या कोनाची ज्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल साधारण एक मीटरवर धरू. १९१ किलोची गाडी १० अंश कलली, तर हँडलवर सुमारे १६० न्यूटन जोर लावावा लागतो. म्हणजे १६-१७ किलो उचलण्याइतका. २० अंश कलली की तोच जोर दुप्पट, सुमारे ३३ किलो. २४१ किलोच्या गाडीला २० अंशांवर ४१ किलोच्या आसपास. १६३ किलोच्या गाडीला २८.

हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी ‘जड’ की ‘हलकी’ यापेक्षा ती किती अंशांपर्यंत कलू दिली जाते, हे महत्त्वाचं. आणि ते ठरतं पाय नीट टेकतो की नाही यावर. टाच वर राहून नुसता चवडा टेकत असेल, तर पाय पक्का होईपर्यंत गाडी आणखी कलते. साठीनंतर स्नायूंची ताकद कमी होत जाते, म्हणून तरुणाला न जाणवणारे हे पाच-दहा अंश बापूंना जाणवतात.

इथे अजून एक संशोधनाचा मुद्दा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. अशी आकडेवारी कारखान्यातल्या डिझाइनरला लागते, कारण त्याला हजारो लोकांसाठी एक सीट बनवायची असते. बापूंना मात्र सरासरी नको, स्वतःचं माप हवं. भिंतीला टेकून, बूट घालून, टाचेपासून जांघेपर्यंतचं अंतर टेपने मोजलं की काम झालं. प्रश्न समूहाचा आहे की व्यक्तीचा, हे आधी ठरवा. त्यावरून नमुना ठरतो.

शिवाय सीटची उंची हा एकटा आकडा फसवा असतो. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तितका खाली पोचत नाही. त्यामुळे कागदावर दहा मिलिमीटर उंच असलेली अरुंद सीट प्रत्यक्षात बरी पडू शकते.

पायरी ३: चालती गाडी

आता हादरे. आयएसओ २६३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात (१९९७) बसलेल्या माणसाला पोचणाऱ्या कंपनांचं मोजमाप कसं करायचं ते सांगितलंय. सगळी कंपनं सारखी त्रास देत नाहीत. उभ्या दिशेच्या कंपनांना आपलं धड साधारण ४ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकावे, या पट्ट्यात सर्वात संवेदनशील असतं. म्हणून मानकात त्या पट्ट्याला जास्त भार दिलाय.

आपल्या रस्त्यांना हे लावून बघू. समजा, रस्त्यावर दर तीन मीटरला एक उंचवटा आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, तर हादऱ्यांची वारंवारिता ३.७ हर्ट्झ. ताशी ६० ला ५.६ हर्ट्झ. ताशी ८० ला ७.४ हर्ट्झ. म्हणजे पारोळ्याच्या बाजारपेठेत ४० च्या आत मारलेल्या ट्रायलमध्ये जो हादरा कंबरेला फारसा लागला नाही, तोच महामार्गावर ६० ते ८० ला नेमक्या वाईट पट्ट्यात येतो. गावातली ट्रायल हायवेबद्दल फार काही सांगत नाही, याचं कारण हे.

दुसरं कंपन इंजिनचं. एका सिलिंडरच्या इंजिनमध्ये पिस्टन वरखाली होताना जो असमतोल राहतो, त्याची मूळ वारंवारिता म्हणजे मिनिटाचे फेरे भागिले ६०. ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ, ४५०० ला ७५ हर्ट्झ. हे कंपन कंबरेपेक्षा हाताच्या मुठीत आणि तळपायात जाणवतं. बोटांना मुंग्या येतात त्या याच्याने. असमतोलाचं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून फेरे दीडपट झाले की बल सव्वादोनपट होतं. यावर उपाय म्हणजे बॅलन्सर शाफ्ट, उलट दिशेने फिरणारं एक वजन. रॉयल एनफिल्डच्या २०२० नंतरच्या ३५० सीसी इंजिनांत तो आहे, आधीच्या बुलेटच्या इंजिनांत नव्हता. ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांना फरक सांगावा लागत नाही.

तिसरी गोष्ट बसण्याची ढब. सीट, हँडल आणि फूटरेस्ट हे तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो. हँडल खाली आणि लांब असेल तर भार मनगटांवर. पाठ सरळ आणि पाय पुढे पसरलेले असतील, जसे क्रूझरवर, तर गुडघे सुखात. पण खड्डा आला की पायांवर जोर देऊन किंचित उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडावर. फूटरेस्ट सीटच्या खाली असेल तर उठता येतं, पण गुडघा जास्त वाकतो. म्हणजे बापूंच्या गुडघ्याला जे हवं, तेच कंबरेला नको! कमी उंचीची क्रूझर पहिल्या परीक्षेत जिंकते आणि तिसऱ्या परीक्षेत मागे पडू शकते. हे निकष एकमेकांविरुद्ध जातात, म्हणूनच आधी शब्द फोडावा लागतो. सगळं एका ‘आराम’ गुणात मिसळलं असतं तर ही ओढाताण दिसलीच नसती.

पायरी ४: मोजायचं कशाने?

प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्वरणमापक असतो, आणि फायफॉक्ससारखं मोफत अ‍ॅप त्याचे आकडे देतं. पण उपकरण हातात आहे म्हणून मोजमाप बरोबर, असं नाही. मोबाईल सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर नायक्विस्टच्या नियमाने तो ५० हर्ट्झच्या खालचीच कंपनं खरी दाखवू शकतो. इंजिनचं ७५ हर्ट्झचं कंपन तिथे २५ हर्ट्झ म्हणून दिसेल. आलेख सुंदर येईल आणि खोटा असेल. म्हणून रस्त्याच्या हादऱ्यांचा अंदाज मोबाईलने, मुठीतल्या मुंग्यांचा हाताने, असा साधा नियम ठेवला.

मोबाईल ठेवायचा कुठे, हाही प्रश्नच. टाकीवर ठेवला तर टाकी मोजली जाते. आपल्याला हवं आहे सीट आणि शरीर जिथे भेटतात तिथलं कंपन, म्हणून मोबाईल तिथेच घट्ट बसवायचा. हँडलला तर बांधूच नये. ताकदवान मोटरसायकल इंजिनच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलने दिला होता.

पायरी ५: शरीराला विचारा

शेवटी निकाल शरीर देणार. कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ मध्ये सोपी पद्धत दिली: शरीराचा नकाशा घ्या, त्याचे भाग पाडा, ठरावीक वेळाने प्रत्येक भागाचा त्रास नोंदवा. मी वहीच्या पानावर मान, खांदे, मनगट, कंबर, बैठक, गुडघे असे रकाने आखले. बापूंनी दर अर्ध्या तासाला थांबून शून्य ते दहा गुण द्यायचे. एरवीही या वयात दर तासाला उतरून पाय मोकळे करावेतच, तेव्हा थांबण्याची तक्रार नव्हती.

पहिल्या गाळणीत, म्हणजे पाय टेकणं आणि वजन यात, दोन गाड्या उरल्या. दोन्ही ओळखीच्यांकडून एकेका दिवसासाठी मागितल्या. नंतर काही गोष्टी बांधून घेतल्या: तोच रस्ता, तीच सकाळची वेळ, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, तेच बूट. पारोळ्याच्या जानेवारीतली ट्रायल आणि मे महिन्यातली ट्रायल यांची तुलना करायची नाही; उन्हाळ्यात त्रास गाडीचा की उन्हाचा, ते कळणार नाही. आणि क्रम उलटून पुन्हा: एकदा आधी अ मग ब, पुढच्या आठवड्यात आधी ब मग अ. नाहीतर नवेपणाचा उत्साह कायम पहिल्या गाडीच्या खात्यात जमा होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, निर्णयाचा नियम ट्रायलच्या आधी लिहून ठेवला: दोन तासांनंतर ज्या गाडीवर कंबरेचे गुण कमी, ती घ्यायची, बरोबरी झाली तर हलकी घ्यायची. रंग, आवाज, शेजाऱ्यांचं मत यांना गुण नाहीत. आकडे आल्यावर नियम बनवला की आपण नकळत आवडत्या उत्तराकडे झुकतो. प्रबंधातही हेच होतं.

झालं असं की पहिल्या अर्ध्या तासात अ पुढे होती, दोन तासांनंतर ब. दोन्ही आठवड्यांत तसंच. बापूंचं मन अ वर होतं, हे त्यांनी लपवलं नाही. वही दोनदा उलटून पाहिली, आणि ब घ्यायचं ठरवलं. गाड्यांची नावं मुद्दाम देत नाही. हा निकाल एका माणसाच्या कंबरेपुरता आहे, तुमच्या वडिलांची कंबर वेगळी असेल. पद्धत मात्र जशीच्या तशी नेता येईल. फक्त मणक्याचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमचा आराखडा उघडा. शीर्षकातलं प्रत्येक विशेषण अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर चार उत्तरं लिहा: कोणासाठी, किती वेळाने, कशाने मोजणार, आणि कोणता आकडा आला तर मी माझं मत बदलेन. चौथा रकाना कोरा राहिला, तर ते विशेषण शीर्षकातून काढा. समितीने काढायला लावण्यापेक्षा ते बरं.