मे महिन्यात संपणारं पेरणीयंत्र

सोयाबीनचा एक दाणा व्हर्निअर कॅलिपरमध्ये धरायचा, माप वहीत लिहायचं, दाणा बाजूला ठेवून दुसरा उचलायचा. आमच्या भागातल्या एका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत शेवटच्या वर्षाची पोरं हेच करत बसली होती. एक दाणा साडेसहा मिलिमीटरचा, शेजारचा पावणेआठचा. एकाच पिशवीतलं बियाणं, तरी एवढा फरक.

हाताने ढकलायचं, एका ओळीचं टोकण यंत्र हा त्यांचा प्रकल्प. त्याचा जीव असतो बियाण्याच्या डब्यात फिरणाऱ्या चकतीत. चकतीच्या कडेला खाचा, प्रत्येक खाचेत एक दाणा, आणि खाच खाली आली की दाणा नळीत. खाच दाण्याच्या सर्वांत मोठ्या मापापेक्षा साधारण दहा टक्के मोठी ठेवावी, असं पुस्तक सांगतं. ती लहान पडली तर दाणा बसत नाही, सैल झाली तर दोन बसतात. पोरांनी आधी पुठ्ठ्याची चकती कापली, फक्त जुळणी फिरते का ते बघायला. मग प्लायची, मग थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकच्या. मध्येच वीज गेली की अर्धवट चकती टाकून पुन्हा सुरुवात. कपाटाखालच्या खोक्यात रद्द झालेल्या चकत्या साठत गेल्या. निदेशक सरांनी त्या फेकू दिल्या नाहीत. प्रत्येकीवर काय बिघडलं ते खडूने लिहायला लावलं. माझ्या मते त्या खोलीतलं सगळ्यांत मोलाचं सामान तेच होतं.

हिशोब कागदावर सोपा. चाक ४० सेंटिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १२५ सेंटिमीटर अंतर. चकतीला १२ खाचा, चाक आणि चकती एकास एक जोडलेली, म्हणजे दर साडेदहा सेंटिमीटरवर एक दाणा. पण भुसभुशीत मातीत चाक घसरतं. दहा टक्के घसरलं की अंतर साडेअकराच्या पुढे जातं. घसरू नये म्हणून धावेवर लोखंडी दाते जोडले, तर चाकाचा व्यास वाढला आणि हिशोब पुन्हा हलला. एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते, हे वहीतल्या खाडाखोडीत स्पष्ट दिसत होतं.

अंतर तपासायची त्यांची पद्धत मला फार आवडली. जमिनीवर प्लास्टिकचा लांब कागद अंथरला, त्यावर ग्रीसचा थर दिला आणि यंत्र वरून ढकललं. ग्रीसमध्ये दाणा पडला तिथेच चिकटतो, उडत नाही. मग टेप घेऊन गुडघ्यांवर बसायचं. प्रयोगशाळांत यासाठी ग्रीस लावलेला फिरता पट्टा असतो. इथे पट्टा स्थिर आणि यंत्र फिरतं, एवढाच फरक. एका ठिकाणी जोडदाणे, पुढे हातभर जागा मोकळी. कारण शोधलं तर जादा दाणा झाडणारा ब्रश कडक निघाला. तो खाचेतला दाणाही उडवत होता. रंगाऱ्याचा मऊ ब्रश कापून बसवल्यावर बरंच सुधारलं.

सोयाबीनची आणखी एक नाजूक बाजू आहे. त्याची साल पातळ आणि अंकुर सालीला लागूनच, त्यामुळे आदळआपट झालेला दाणा वरून धड दिसला तरी उगवेलच असं नाही. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. म्हणून पोरांनी यंत्रातून गेलेले शंभर दाणे आणि पिशवीतले शंभर दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. यंत्रातल्या दाण्यांची उगवण कमी भरली. चकती आणि तिच्या आवरणामधल्या फटीत दाणा अडकून चिरडत होता. फट कमी केली, खाचेच्या कडा गोल केल्या.

एप्रिलमध्ये यंत्र माकणीला गेलं. लोहारा तालुक्यातलं, निम्न तेरणा धरणाचं हे गाव. गटातल्या एका मुलाचं शेत तिथलं. हरभरा निघून गेलेला, काळ्या रानाला भेगा. त्यांनी मोटार लावून एक पट्टा भिजवला, वाफसा येऊ दिला, रान मोकळं केलं आणि यंत्र आत घातलं. पहिल्या काही पावलांतच फणाच्या मागे मातीचा गोळा धरला आणि नळीचं तोंड बंद. चकती फिरत होती, दाणे पडत होते, पण नळीतच साचत होते. नळी फणाच्या मागे आणि थोडी वर घेतली, चाकाची माती खरवडायला पट्टी लावली. तरी चिकट माती शेवटपर्यंत भांडत राहिली.

बांधावर मुलाची आजी बसली होती. तिने आयुष्यभर तिफणीमागे चालून चाड्यावर मूठ धरलेली. मुठीतून तिन्ही नळ्यांत सारखं बी सोडायचं, बैलांच्या चालीवर बोटं सैल करायची. चकती हे काम आता करू पाहत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आरं, वळताना बी सांडतंय की. आमी बांधाला आलो की मूठ झाकायचो."

पोरं गप्प झाली. यंत्राची चेन मागच्या चाकावरून घेतलेली होती. वळवताना तेही फिरायचं आणि बी सुटायचं. परत जाऊन त्यांनी चेन पुढच्या चाकाला जोडली. आता टोकाला मूठ खाली दाबली की पुढचं चाक उचललं जातं आणि चकती थांबते. आजीच्या एका वाक्यापायी चौकट कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागलं.

मग तोंडी परीक्षा, अहवालाची बांधणी, गुण. मे संपायच्या आत सगळं आटोपलं.

माझी तक्रार इथेच आहे. सोयाबीन पेरायचं ते चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनमध्ये. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं ओलसर असतं, डब्यात चिकटून पूल धरतं. कोरड्या बियाण्याच्या चाचणीत ते कळत नाही. सलग पावसानंतरची काळी माती मोटारीच्या पाण्याने भिजवलेल्या पट्ट्यासारखी वागत नाही. यंत्राची खरी परीक्षा सुरू होते तेव्हा ते बनवणारे पास होऊन गेलेले असतात आणि यंत्र शेडमध्ये गंजायला लागतं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं शिकता शिकता गावातल्या लोकांची कामं करून देतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली, पण मला महत्त्वाची वाटते ती आधीची गोष्ट: वस्तू वापरणारा माणूस गुणपत्रिका आल्यानंतरही गावातच असतो आणि बिघडलं की दारात येतो.

तंत्रनिकेतनांना एवढं तरी करता येईल. पेरणीची यंत्रं मे महिन्यात बंद करू नका. जूनमध्ये ती शेतकऱ्याकडे द्या, जुलैत येणाऱ्या नव्या तुकडीला तीच यंत्रं चकत्यांच्या खोक्यासह सोपवा, आणि जुनं यंत्र सुधारण्याला नव्या यंत्राइतकेच गुण द्या.