खाटेभोंवतींची शाळा

मोठ्या रुग्णालयांत सकाळच्या वेळीं एक दृश्य हमखास दिसतें. एका खाटेभोंवतीं दहाबारा विद्यार्थी उभे असतात, अध्यापक त्यांना प्रश्न विचारीत असतात आणि मध्यें निजलेला रोगी संकोचानें कधीं ह्याच्याकडे, कधीं त्याच्याकडे पाहत असतो. आपला देह म्हणजे काय शाळेची पाटी, असें त्याच्या मनांत आल्यास नवल नाहीं. परंतु वैद्यकाचें शिक्षण ह्या खाटेपाशीं येण्यास फार काळ लागला.

युरोपांतील जुन्या विद्यापीठांत वैद्यक हा मुख्यतः ग्रंथांचा विषय होता. अध्यापकानें वाचावें व शिष्यांनीं ऐकावें, अशी रीत असे. हॉलंडांतील लायडन येथें हर्मान बूरहाव्ह ह्यांनीं १७१४ पासून अवघ्या १२ खाटांच्या आधारानें रोग्यासमोर शिकविण्याची पद्धत नांवारूपास आणली. पुढें अमेरिकेंत विल्यम ऑस्लर ह्यांनीं बाल्टिमोर येथें विद्यार्थ्याला वॉर्डांत कामालाच लावलें. रोग्याची हकीकत लिहिणें, त्याला तपासणें हें विद्यार्थ्याचें नित्यकर्म झालें. १९६९ सालीं कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठानें आणखी एक पाऊल टाकलें. आधीं व्याख्यान व मग रोगी, हा क्रम उलटवून त्यानें रोग्याची अडचण प्रथम पुढें ठेवली, आणि तिच्या उलगड्यासाठीं लागेल तें ज्ञान विद्यार्थ्यांनीं लहान गटांत मिळवावें, असें ठरविलें.

ऐकण्याकडून करण्याकडे झालेली ही वाटचाल योग्यच होय. परंतु जो करून शिकतो, तो चुकतोहि. आणि येथें चुकीचा भुर्दंड पडतो तो दुसऱ्याच्या देहावर. ही अडचण सुश्रुतानें फार पूर्वींच ओळखली होती. छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी ह्यांवर करावा आणि पट्टी बांधण्याचा मनुष्याकृति पुतळ्यावर, अशी योजना त्याच्या संहितेंत आहे. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील कौशल्य-प्रयोगशाळेंत तोच विचार रबरी हातांच्या व बोलक्या पुतळ्यांच्या रूपानें वावरतो. भारतांत २०१९ सालीं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांत अशा सरावाला स्थान मिळालें, पहिल्याच वर्षापासून रोग्याची ओळख घडूं लागली, आणि रोग्याशीं कसें बोलावें, त्याची संमति कशी घ्यावी, हेंहि शिकविण्याचा विषय ठरलें.

तरीहि पुतळा तो पुतळाच. त्याला भीति वाटत नाहीं, आणि घरीं त्याची कोणी वाट पाहत नसतें. हात पुतळ्यावर बसतो. वैद्य घडतो तो खाटेपाशींच. म्हणून एखादा विद्यार्थी आपलें नांव सांगून तपासण्याची परवानगी मागेल, तेव्हां नको म्हणण्याचा अधिकार रोग्याला आहेच. पण त्यानें हो म्हटलें, तर त्या घटकेपुरता तो पाटी राहत नाहीं, गुरु होतो.