बिश्केकच्या खोल्या गरम कोण ठेवतं? (एपिसोड ट्रान्सक्रिप्ट)

आपल्याकडची बरीच मुलं एमबीबीएसला किर्गिझस्तानात, बिश्केकला जातात. ओळखीत कोणी असेल तर विचारा, हिवाळ्यात खोली गरम कशी राहते? खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो. तिथे त्याला 'बतारेया' म्हणतात, म्हणजे बॅटरी. चार्जिंग वगैरे काही नाही, आत नुसतं गरम पाणी फिरतं. आणि ते पाणी येतं शहरातल्याच कोळशाच्या वीज केंद्रातून.

कसं, ते बघू. आपल्या चंद्रपूरला काय होतं? कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार. पण टर्बाइनमधून निघालेल्या वाफेत भरपूर उष्णता उरते. ती जाते कूलिंग टॉवरमधून हवेत. ते अवाढव्य टॉवर पांढरे ढग सोडताना दिसतात ना? तो धूर नव्हे, वाया जाणारी उष्णता आहे. कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होतो.

बिश्केकमध्ये यातली बरीच वाफ मध्येच काढून घेतात, तिच्यावर पाणी तापवतात आणि जाड पाइपांमधून घराघरांत पाठवतात. थंड झालेलं पाणी परत केंद्रात. या पद्धतीत 70-80 टक्के ऊर्जा कामी येऊ शकते. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन भारी वाटतं.

पण यात एक गोची आहे. चंद्रपूरची वीज मुंबईपर्यंत जाते. गरम पाणी इतकं लांब न्यायचं तर वाटेतच गार होईल. किर्गिझस्तानची बहुतेक वीज टोक्तोगुलसारख्या जलविद्युत केंद्रांतून येते, म्हणजे दिवे कुठूनही लावता येतील. ऊब मात्र शहरातच तयार करावी लागते.

26 जानेवारी 2018 ला नेमकं तिथेच अडलं. बाहेर तापमान उणे 20 च्या खाली, केंद्रात बिघाड झाला आणि हजारो घरांतले रेडिएटर गार पडले. अशा वेळी लोक काय करणार? इलेक्ट्रिक हीटर लावणार. मेन सर्व्हर पडल्यावर सगळा ट्रॅफिक छोट्या बॅकअपवर आला की तोही बसतो ना, तशी मग विजेच्या तारांची गत. शिवाय पाणी फिरायचं थांबलं तर पाइपात बर्फ होतो, बर्फ फुगतो, पाइप फुटतो.

लोक चिडले, कारण काही महिन्यांपूर्वीच, ऑगस्ट 2017 मध्ये, 38.6 कोटी डॉलरच्या चिनी कर्जातून केंद्राचं नूतनीकरण पूर्ण झालं होतं. हिशेब निघाले, त्यात साधी पक्कड 320 डॉलरला! 2019 मध्ये याच प्रकरणात दोन माजी पंतप्रधानांना शिक्षा झाली.

मग कोळसा बंदच करा की! बिश्केकची हिवाळ्यातली हवा वाईट आहे, हे खरंच. पण शहराच्या कडेच्या अनेक वस्त्यांत या पाइपलाइनी पोचलेल्याच नाहीत. तिथे घरोघरी शेगडीत कोळसा जळतो आणि धूर सरळ गल्लीत उतरतो. पर्याय उभा न करता केंद्र बंद केलं तर अशा शेगड्या वाढतील.

2 फेब्रुवारी 2024 ला, ऐन थंडीत, त्याच केंद्रात स्फोट झाला, कामगार जखमी झाले. तेव्हाही शहराची ऊब मुख्यतः त्याच्यावरच होती.

टोक्तोगुलच्या धरणाबद्दल पुढच्या भागात बोलू.