बातमीतलं नाव आणि नाटकातलं नाव

'अमुक काळातल्या राजकारणाचा तमुक साहित्यावर प्रभाव' असा विषय संशोधनासाठी बरेच जण घेतात. विषय चांगला आहे, पण प्रभाव दाखवायचा कसा, इथे गाडी अडते. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्रजी सुखात्मिकांवर हे करून बघू.

शेक्सपिअरचं 'लव्हज लेबर्स लॉस्ट' घ्या. नावारचा राजा आणि त्याचे तीन सरदार शपथ घेतात: तीन वर्षं नुसता अभ्यास, बायकांचं तोंड बघायचं नाही. फ्रान्सची राजकन्या येते आणि शपथ मोडते. सरदारांची नावं बिरोन, लाँगव्हिल, ड्युमेन. ही नावं तेव्हा फ्रान्सच्या यादवीच्या बातम्यांत होती. नावारचा खराखुरा राजा हेन्री १५८९ पासून फ्रान्सच्या गादीसाठी कॅथलिक लीगशी लढत होता. एलिझाबेथने १५९१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या हाताखाली त्याच्या मदतीला फौज धाडली. आणि १५९३ मध्ये हेन्री स्वतःच कॅथलिक झाला! मग 'शपथ मोडणारा नावारचा राजा' म्हणजे त्याच्यावरचाच टोमणा, नाही का?

थोडं थांबा. ड्युमेन हे नाव ड्यूक ऑफ मायेनवरून आलं असं मानतात. हा मायेन लीगचा सेनापती, म्हणजे हेन्रीचा शत्रू. नाटकात मात्र तो राजाचा सोबती. शिवाय छापील नाटकात राजाचं नाव हेन्री नाही, फर्डिनंड आहे. म्हणजे एकास एक जोड्या लावायला गेलात की फसलात. पण गंमत बघा, फर्डिनंड हे नाव संवादांत कुठेच येत नाही, फक्त रंगसूचनांत आणि संवादांआधीच्या पात्रनावांत येतं. वाचकाला फर्डिनंड दिसतो, प्रेक्षकाच्या कानावर पडतं ते फक्त 'नावार'. तुमचा पुरावा छापील पानावरचा आहे की रंगमंचावरचा, हे आधी ठरवा. मला तरी या नाटकातला हा सगळ्यात रंजक मुद्दा वाटतो.

याच नाटकात आर्माडो नावाचा बढाईखोर, कफल्लक स्पॅनिश माणूस आहे. १५८८ च्या स्पॅनिश आरमाराच्या, म्हणजे आर्माडाच्या, आठवणीने लोक हसले असतील. पण बढाईखोर शिपाई हे पात्र रोमन नाटककार प्लॉटसपासून चालत आलेलं. सांगाडा जुना, अंगरखा तेवढा ताज्या बातमीचा. राजकारणाने पात्र 'घडवलं' असं लिहिलंत, तर परीक्षक इथेच पकडणार.

याउलट 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँड्र्यू नावाच्या जहाजाचा ओझरता उल्लेख आहे. १५९६ मध्ये इंग्रजांनी काडिझवरच्या हल्ल्यात 'सान आंद्रेस' हे स्पॅनिश जहाज पकडलं, त्याचाच हा उल्लेख असं बहुतेक अभ्यासक धरतात. लंडनच्या प्रकाशकांच्या नोंदवहीत हे नाटक जुलै १५९८ मध्ये येतं. म्हणजे नाटकाचा काळ साधारण दोन वर्षांच्या आत बसतो. शेक्सपिअरला स्पेनबद्दल काय वाटत होतं, हे यातून कळत नाही. त्यावर अख्खं प्रकरण उभं राहणार नाही, पण एक तळटीप नक्की होईल, आणि ती तोंडी परीक्षेत टिकेल.